चौथ्या सीनमधली बाकाबाई

वाचकाचं पत्र :

"मी नागपुरात एका शाळेत इतिहास शिकवतो. तीन वर्षं खपून सीताबर्डीच्या लढाईवर, म्हणजे १८१७ मधल्या नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्या लढाईवर, पटकथा लिहिली आहे. १८६ पानं झाली. दुसऱ्या रघुजींच्या मृत्यूपासून राज्य खालसा होईपर्यंतचा सगळा काळ घेतला आहे आणि एकही तारीख इकडची तिकडे होऊ दिलेली नाही. सुरुवात १९२३ मध्ये होते. सीताबर्डीच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या गांधीजींना एक म्हातारा पहारेकरी लढाईची गोष्ट सांगू लागतो आणि तिथून फ्लॅशबॅक. मुंबईच्या एका निर्मात्यानं नरेशन ऐकलं. अर्ध्यातच म्हणाला, 'सर, हे डॉक्युमेंट्री वाटतंय.' मित्र म्हणतात, थोडा मसाला टाक, एखादी प्रेमकथा घाल. मला इतिहासाशी बेइमानी करायची नाही. काय करू? पटकथा सोबत जोडली आहे. ता. क. : यानंतर गोवारींच्या मोर्च्यावर लिहायचं मनात आहे. त्याला कुणाची परवानगी लागते का?"

— एक मास्तर, हिंगणा रोड

मास्तर,

मसाला टाकू नका. तुम्ही नागपूरचे, तुम्हाला हे सांगायला नको. सावजीचा मसाला आधी भाजतात, वाटतात आणि त्यातच मटण शिजतं. शिजलेल्या वरणावर तो वरून भुरभुरला तर वरणही जातं आणि मसालाही. तुमच्या पटकथेत प्रेमकथा घातली तर नेमकं तेच होईल.

पण निर्माताही चुकला नाही. १८६ पानं मी दोन बैठकींत वाचली. एवढा नेटका अभ्यास केलेली पटकथा माझ्याकडे फार क्वचित येते. वाचताना मात्र मला सारखं वाटत होतं की मी तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलो आहे, तुम्ही फळ्यावर सनावळी लिहिताय आणि तास संपायला अजून वेळ आहे.

आधी पहिला सीन, कारण तो काढावाच लागेल. किल्ल्यात गांधीजींना ठेवलं होतं ही गोष्ट नागपुरात बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळते, तारखांसकट. पण मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता! गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला नेलं. जानेवारी १९२४ मध्ये ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन होईपर्यंत ते तिथेच होते आणि फेब्रुवारीत सुटले. १९२३ मध्ये ते बर्डीच्या टेकडीवर कसे असतील? एकही तारीख चुकू दिली नाही असं तुम्ही लिहिता आणि पहिल्याच पानावर ही. मी दोष देत नाही. आवडीची दंतकथा तपासायला हात धजत नाही, हा अनुभव माझाही आहे. पण तो म्हातारा पहारेकरी गांधीजी नसले तरी नकोच. 'एक होता राजा' म्हणत गोष्ट सांगणारा माणूस पहिल्या मिनिटाला समोर आला की प्रेक्षकाला कळतं की सगळं होऊन गेलेलं आहे. मग त्याच्या जिवाला घोर कशाचा?

तुमच्या पटकथेचं खरं दुखणं मला तिथेच दिसतं. तुमच्या प्रत्येक पात्राला शेवट माहीत आहे. पान ४१ वर राजे अप्पासाहेब भोसले म्हणतात, "इंग्रजांची ही मैत्री एक दिवस हे राज्य गिळून टाकील." असं ते म्हणतील कसे? २७ नोव्हेंबर १८१७ ची दुपार कशी उजाडणार हे २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी नागपुरात कुणालाही ठाऊक नव्हतं. टेकड्यांवर इंग्रजांची माणसं दीड हजाराच्या आसपास. भोसल्यांचं सैन्य इंग्रजी वृत्तांतांत अठरा हजार धरलंय. (जिंकणारा नेहमीच समोरच्याचा आकडा हात सैल सोडून लिहितो, तरी फरक मोठाच होता.) त्या संध्याकाळी महालात पैज लागली असती तर पैसे कुणावर लागले असते, सांगा. पटकथा त्या पैजेत असते. निकाल माहीत नसलेली माणसं निर्णय घेतायत आणि आपण प्रेक्षकांत बसून मनात म्हणतोय, अरे थांब, नको करू. हे जमलं की तारखा आपोआप जिवंत होतात.

हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. मार खाऊन कळलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आपल्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहावर पटकथा लिहिली होती. १ मे १९२३ पासून स्वयंसेवकांची तुकडी रोज तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघायची, पोलीस अडवायचे, अटक व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई आले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्यानं निघून गेली. दीड हजारांवर लोकांनी तुरुंग भोगला. मी सगळं लिहिलं, सगळ्या पुढाऱ्यांना भाषणं दिली. एका निर्मात्याच्या ऑफिसात वाचायला बसलो आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला ते गृहस्थ शांतपणे झोपी गेले. मी तरी वाचत राहिलो, त्यांना उठवायचं कसं! परतीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्रभर विचार करताना बडनेऱ्याच्या आसपास डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट वल्लभभाईंची नव्हतीच. साठाव्या दिवशी निघणाऱ्या पोराची होती. आपल्याला चौकात अडवणार, आत टाकणार हे त्याला पक्कं माहीत आहे आणि तरी तो सकाळी अंघोळ करून धुतलेला सदरा घालतोय. त्याची आई काय म्हणत असेल? ती पटकथा मी पुन्हा लिहिली नाही, पण ते पोरगं अजून डोक्यात आहे.

आता तुमच्या सामग्रीकडे येतो. मास्तर, तुमच्याजवळ सोनं आहे आणि तुम्ही ते १८६ पानांवर पत्र्यासारखं ठोकून पसरवलंय.

मे १८१६ मध्ये अप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. का केला? दुसरे रघुजी नुकतेच वारले होते, गादीवर त्यांचा मुलगा परसोजी, तो अंध आणि दुबळा. कारभार आपल्या हाती यावा म्हणून अप्पासाहेबांना पाठीवर कुणाचा तरी हात हवा होता. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मेला आणि गादी अप्पासाहेबांना मिळाली. नोव्हेंबरमध्ये पुण्यात पेशव्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं होतं. अशा वेळी २४ तारखेला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं भर दरबारात स्वीकारली. वर इंग्रजांचा दरबारातला वकील, रेसिडेंट जेन्किन्स, याला समारंभाचं आमंत्रणही दिलं! तो आला नाही. २६ च्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. २७ ला दुपारपर्यंत लढाई हरली. मग अप्पासाहेबांनी कळवलं की हल्ला माझ्या हुकमानं झालेला नाही. १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि त्याच दिवशी त्यांच्या सैन्यानं तोफा द्यायला नकार दिला, सक्करदऱ्याला लढाई झाली.

हा शेवटचा प्रसंग तुम्ही पान ९७ वर दोन ओळींत उरकलाय. राजा शत्रूच्या छावणीत बसला आहे आणि बाहेर त्याचंच सैन्य त्याच्याच हुकमाविरुद्ध त्याच्याच राज्यासाठी लढतंय. तोफ वाजली की समोरचा इंग्रज अधिकारी त्याच्या तोंडाकडे बघत असेल. हा माणूस मनात काय म्हणत असेल? 'थांबा' की 'मारा'? मला विचाराल तर तुमचा सिनेमा इथे संपतो. आणि सुरू होतो त्या वस्त्रांच्या दरबारापासून. २४ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर, तेवीस दिवस. आधीचा करार, परसोजीचा मृत्यू हे सगळं लोकांच्या बोलण्यातून, टोमण्यांतून, एखाद्या रिकाम्या खोलीतून येऊ द्या.

पुढचं सुटणं मात्र मलाही सोडवत नाही. मे १८१८ मध्ये अलाहाबादकडे नेत असताना शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटणं, महादेवाच्या डोंगरात गोंडांचा आसरा, मग असीरगड, पंजाब, शेवटी जोधपूरचा आश्रय आणि १८४० मध्ये तिथेच मरण. तो दुसरा सिनेमा आहे. वेगळ्या फाइलीत ठेवा आणि कुणाला सांगू नका.

परसोजीबद्दल एक नाजूक गोष्ट. तुमच्या पटकथेत तो 'आजारानं' मरतो, एका ओळीत. का, ते मला समजतं. नायकाच्या अंगावर डाग नको म्हणून. खून अप्पासाहेबांनी करवला, असा ठपका इंग्रजांनी १८१८ मध्ये ठेवला आणि अप्पासाहेबांना गादीवरून काढायला त्यांना कारण हवंच होतं, हेही खरं. पण मृत्यू झाला त्या रात्री अप्पासाहेब नागपुरात नव्हते, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) होते, आणि फायदा कुणाचा झाला हे सगळ्या शहराला दिसत होतं. लेखकाला याहून आणखी काय हवं? खून पडद्यावर दाखवू नका. कुणी केला तेही सांगू नका. वाड्यातल्या एकेकाला काय वाटतं तेवढं दाखवा. एक हुजऱ्या आहे, त्याला राजासमोर दिवा धरायचा असतो. त्याचा हात त्या दिवसापासून थोडा कापतो, एवढं पुरे आहे. धुतल्या तांदळासारखा नायक पाठ्यपुस्तकात शोभतो. दोन तास अंधारात बसून आपण ज्याच्याकडे बघतो, त्याच्याबद्दल थोडी शंका मनात हवी.

मनचं किती घालायचं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. बेइमानीची भीती योग्य आहे, पण तुम्ही ती चुकीच्या ठिकाणी बाळगताय. दोन सरदार मिळून एक केले, दोन निरोप्यांचा एक झाला, तीन दिवस चाललेली खलबतं एका रात्रीत आणली तर इतिहासाला काही होत नाही. दारामागचं बोलणं तर लिहावंच लागेल, ते कुणी टिपून ठेवलेलं नसतं. पण कोण जिंकलं, कुणी सही केली, कोण कुणाच्या बाजूनं उभं राहिलं, हे हलवायचं नाही. मी एक साधी कसोटी लावतो. हा सीन बघून एखादं पोरगं परीक्षेत उत्तर लिहून आलं, तर त्याचे मार्क जातील का? जात असतील तर सीन बदला. तुम्हाला ही कसोटी माझ्यापेक्षा चांगली लावता येईल, पेपर तपासायची सवय आहे.

भाषेचं थोडं. तुमचे सगळे लोक एकसारखं बोलतात आणि ते सगळे सदाशिव पेठेतले वाटतात. "आम्हांस हे मान्य नाही" हे पडद्यावरच्या इतिहासाचं मराठी आहे. नागपूरच्या दरबारात फारसी शब्द होते, हिंदीचा शेजार होता, अरब पायदळ होतं. समोरच्या बाजूला मद्रासच्या पलटणी होत्या, म्हणजे टेकडीवर तेलुगू आणि तमिळही कानावर पडली असणार. शहरातला कोष्टी, गाडीवान, भाजीवाली आपल्या बोलीत बोलू द्या, पण प्रत्येक वाक्यात 'काऊन' आणि 'बाप्पा' पेरून त्यांची थट्टा करू नका. बोली म्हणजे फोडणीतला कढीपत्ता नव्हे. आणि राजाला कमी बोलू द्या. तुमचा राजा फार बोलतो, मास्तर. थोडा तुमच्यासारखा वाटतो.

खर्चाचं. अठरा हजार माणसं म्हटलं की निर्माता फाइल मिटतो आणि चहा मागवतो. तुमच्या पान ६० ते ८८ मध्ये नुसती लढाई आहे. ती वाड्यातून दाखवा ना. महाल ते बर्डी अंतर आपल्याला माहीत आहे, तोफेचा आवाज तर सहज येतो. रात्रभर आवाज येतोय, निरोपे येतायत आणि प्रत्येक निरोप मागच्या निरोपाला खोटा पाडतोय. सकाळी कुणीतरी ओरडत येतं की धाकटी टेकडी अरबांनी घेतली. वाड्यात पेढे वाटायची तयारी. मग दुपारी आवाज बंद होतात. कुणीच निरोप घेऊन येत नाही. या रात्रीला वीस माणसं, दोन घोडे आणि एक चांगला साउंड डिझायनर पुरतो. निर्मात्याला हे सांगा, तो अर्ध्यातून उठणार नाही.

कागदपत्रांचं तुम्हाला काय सांगायचं. तुमची सूची बघून मीच दबलो. फक्त एवढंच म्हणतो की तुमचे बहुतेक आधार इंग्रजी आहेत. जेन्किन्स अतिशय नीटनेटकं लिहितो, म्हणूनच त्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लागते. इथल्या पुराभिलेखागारात जाऊन बसा, विदर्भ संशोधन मंडळात चौकशी करा, मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस गाठा. राज्यकारभाराचे कागद नाही सापडले तरी चालेल. किराण्याची यादी, हत्तीच्या चाऱ्याचा हिशेब, कुणाच्या तरी पगाराची तक्रार, असलं काही मिळालं तर बघा. पटकथेला ते तहनाम्यापेक्षा जास्त कामाचं.

कायद्याचं दोन ओळींत. घडलेल्या घटनेवर कुणाची मालकी नसते. ऐतिहासिक तथ्यांवर कॉपीराइट नाही, तो मांडणीवर आणि शब्दांवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच स्पष्ट केलंय. पण एखाद्या लेखकाच्या पुस्तकातले प्रसंग, त्याचे संवाद, त्याची रचना घेतली असेल तर परवानगी घ्या. लेखक जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर ती वारसांकडून घ्यावी लागते. आणि नरेशनला जाण्याआधी पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा. ऑनलाइन होतं. तुम्ही केलं नसणार, अशी मला शंका आहे.

आता ता. क. मधला प्रश्न. तुम्ही तो शेवटी, जाता जाता विचारलात, पण तो पहिल्यापेक्षा जड आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन इथे ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं किती होती ते तुम्हाला माहीत आहे. अप्पासाहेबांच्या आईचा विचार आपण कल्पनेनं करतो. इथे आई अजून जिवंत आहे, तिला फोटोसमोर हार घालताना तुम्ही बघू शकता. परवानगी कायद्यानं लागते की नाही हे वकील सांगेल आणि खऱ्या व्यक्तीचं आयुष्य नावानिशी दाखवायचं तर लेखी संमती घेतलेली बरीच. माझं म्हणणं कायद्याच्या आधीचं आहे. त्या घरांत आधी जा. पहिल्या दोन-तीन वेळेला वही काढू नका, मोबाइल तर नाहीच. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील. नसेल सांगायचं तर तेही उत्तर आहे. आणि घाई करू नका. हातातलं आधी पुरं करा, तोवर तुमचा हातही बसेल.

शेवटी चौथा सीन, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र एवढं लांबवलं.

बाकाबाई तुमच्या १८६ पानांत चार वेळा येते. चौथ्या सीनमध्ये तिला पहिलं वाक्य आहे, "मी हे होऊ देणार नाही," आणि कंसात तुम्ही लिहिलंय : कपटी हास्य. मास्तर, ही बाई दुसऱ्या रघुजींची राणी. नवरा गेला, सावत्र मुलगा गादीवर आला, पुतण्यानं कारभार हिसकावला, मुलगा मेला. १८१८ मध्ये परसोजीच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन तिसरा रघुजी गादीवर बसला. १८५३ मध्ये तोही गेला, राज्य खालसा झालं, वाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. १८५७ मध्ये तिनं आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही. पुढच्याच वर्षी ती वारली. लढाईच्या आधीपासून सगळं संपेपर्यंत वाड्यात हीच एक होती. आणि तिला तुम्ही कपटी हास्य दिलंत.

तिनं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण अप्पासाहेबांनी करार केला तेव्हा ते मुत्सद्दी ठरतात आणि तिनं इंग्रजांचा हात धरला की ती घरभेदी, हा हिशेब तुमच्या पटकथेनं तरी तपासायला हवा. त्या तेवीस दिवसांत ती त्याच वाड्यात, त्याच तोफा ऐकतेय. पुतण्या जिंकला तर तिचं काय होणार आणि हरला तर काय, हे तिनं बोटांवर मोजलं असेल. तुम्ही शोधताय तो विरोध, तो ताण इथे बसला आहे, जेन्किन्सकडे नाही. जेन्किन्स परका आहे, त्याला जे करायचं तेच तो करतो.

तेव्हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असेलच. सकाळी लवकर इतवारीत जा. काळी मारबत निघते ती बाकाबाईचीच, असं जुने लोक सांगतात. १८८१ पासून शहर तिला मिरवत नेऊन जाळतंय. गर्दीत नाचू नका, एका ओट्यावर उभे राहा. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत पोरं पुढे जातील, ढोलाच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू येणार नाही. त्या पुतळ्याच्या तोंडाकडे बघत राहा, अगदी वळणापर्यंत. मग घरी येऊन, जेवायच्या आधी, चौथा सीन परत लिहा. कंस रिकामा सोडा. आणि तेवढीच तीन-चार पानं मला पाठवा, बाकीची १८० नकोत.